परसदारं उघडली तो माघ

आमच्या इमारतीत लिफ्टपाशी परवा एक कागद चिकटवलेला दिसला. रविवारी चार वाजता गच्चीवरची बाग पाहायला सर्वांनी यावं, चहा आहे. खाली कुणीतरी हौसेनं वेलबुट्टी काढलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी-तिघींनी मिळून गच्चीत कुंड्या लावल्या आहेत आणि आता ती बाग त्यांना चारचौघांत मिरवायची आहे. मिरवण्यासारखं काही हातून झालं तर माणसानं खुशाल मिरवावं, या मताची मी आहे. मला म्हणाल्या, आजी, तुम्ही सगळ्यांच्या आधी यायचं. मी येते म्हटलं, आणि घरात येऊन बराच वेळ खिडकीशी बसून राहिले.

माघातली दुपार ही आमच्या अमरावतीची वर्षातली सगळ्यात समजूतदार वेळ. उन्हात बसलं की पाठ शेकते, सावलीत गेलं की शाल आठवते. बाजारात ओल्या हरभऱ्याचे डहाळे आलेले असतात, घरोघरी तुरीचे सोले सोलायचं काम चालू असतं, आणि उन्हाळा अजून इतका लांब असतो की त्याच्याबद्दल बोलणं अभद्र वाटावं. अशाच एका माघात, साठ-एकसष्टच्या सुमाराला, मी एका गावातल्या बायकांना आपापली परसदारं एक दिवस सगळ्यांसाठी उघडी ठेवायला सांगितली होती. वय बावीस. त्या वयात माणसाला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं, आणि सरकारनं तसा शिक्काही दिलेला असला तर विचारायलाच नको.

मी ग्रामसेविका होते. तिवश्याच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत गेलेल्या एका गावी माझी नेमणूक झाली होती. अकोल्यात कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे शेत म्हणजे कापसाच्या गाड्या जिथून येतात ती जागा, एवढंच माझं ज्ञान. प्रशिक्षणात मात्र मला बिनधुराची चूल बांधायला, शोषखड्डा खणायला आणि परसबाग लावायला शिकवलं होतं. चूल मी तीन घरी बांधली. तिन्ही घरी धूर पूर्वीपेक्षा जास्त झाला. शोषखड्ड्यात एका घरची कोंबडी पडली. म्हणून मी माझं सगळं लक्ष परसबागेकडे वळवलं.

परसबाग हा सरकारी शब्द. बायका वाडी म्हणत. घरामागचा चार हातांचा असो की चाळीस हातांचा, तो तुकडा म्हणजे वाडी. विकास गटाकडून मला बियांच्या पुड्या मिळाल्या त्यात एक नवलकोलची होती. मी ती मोठ्या उत्साहानं वाटली. दोन महिन्यांनी बायका मला बोलवून न्यायच्या आणि मातीवर बसलेले ते हिरवे चेंडू दाखवून हळहळायच्या, की बाई, तुमची पत्ताकोबी फसली. फसली नाही, ती अशीच असते, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चेंडू म्हशीला घातले.

पण त्या वाड्यांचं मला वेड लागलं. प्रत्येकीला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं, नाहीतर तुरीच्या तुराट्यांचं दाट कुंपण. आत काय आहे ते बाहेरून दिसू नये अशीच त्याची बांधणी. नजर लागते, हा एक भाग. कोवळ्या कोहळ्याकडे बोट दाखवलं तर तो सडतो, म्हणून वेलाकडे दाखवायचं झालंच तर मूठ वळून, बोटाचं पेर पुढं करून दाखवायचं. दुसरं असं की मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलं लागतं, यावर साऱ्या गावाचा विश्वास. त्यामुळे गावातला गुलाब, गवती चहा, अळू, सगळं एकमेकींच्या घरून पदराखाली आलेलं. कुणाचं काय कुणाकडे गेलंय हे प्रत्येकीला ठाऊक, पण पाहायची सोय नाही. माझं परसबागेवरचं भाषण ऐकायला चार बायका यायच्या, त्यातल्या दोघी झोपायच्या. शेजारणीच्या कुंपणाला फट दिसली तर मात्र त्याच बायका तिथं घागर उतरवून उभ्या राहायच्या. तेव्हा मला ही कल्पना सुचली. एक दिवस ठरवायचा, त्या दिवशी कुंपणांची कवाडं उघडी, आणि सगळ्यांनी मिळून सगळ्या वाड्या पाहायच्या. बोट दाखवायचं नाही, रोप चोरायचं नाही, मागितलं तर द्यायचं.

महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या पाटलीणबाई. माझी खोली त्यांच्याच घराच्या पुढच्या अंगाला. पंचेचाळिशीच्या, अंगानं भरलेल्या, बोलायला कमी आणि करायला पुढं. मला ताप आला तेव्हा त्यांनी मला घरच्या लेकीसारखं पाहिलं होतं. कल्पना त्यांना आवडली. संक्रांत ते रथसप्तमी धरा म्हणाल्या, त्या दिवसांत बायांना हळदीकुंकवाला बाहेर जावंच लागतं, घरून कुणी अडवत नाही. मी रविवार धरला आणि यादी करायला बसले. ज्यांची वाडी पाहण्यासारखी आहे अशी अकरा घरं निघाली. अकरातली सगळ्यात चांगली वाडी जैवंताबाईची होती, यात कुणाचंच दुमत नव्हतं. अडचणही तीच होती.

जैवंताबाई नाल्याकडच्या वस्तीत राहायची. त्या वस्तीनं चार-पाच वर्षांपूर्वी बुद्धाचा धर्म घेतला होता. घरांतले जुने देव नाल्यात गेले होते, बायकांनी हळदीकुंकू सोडलं होतं. वस्तीची विहीर वेगळी होती, ती मात्र वेगळीच राहिली होती. जैवंताबाई पस्तिशीची, उंच, काटक, माहेर आणि सासर दोन्ही याच वस्तीत. नवरा सडकेच्या कामावर. ती लग्नाआधीपासून मोर्शीकडच्या संत्र्याच्या बगिच्यांत मजुरीला जायची, त्यामुळे झाडाला कुठून तहान लागते हे तिला कळायचं. घरामागं तिची दहा-बारा पावलांची जागा, पण तिथं पाण्याचा थेंब वाया जात नसे. आंघोळीचं पाणी केळीला, भांड्यांचं अळूला, आणि विहिरीवरून डोक्यावर आणलेल्या दोन घागरी वाफ्यांना, त्याही वाफ्याच्या कडेनं बोटभर चर काढून. पऱ्हाट्यांच्या मांडवावर वाल चढलेला, खाली सावलीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, उन्हाच्या बाजूला वांगी, मिरच्या, टमाटे, आणि कडेनं शेवंती. ती वाडी पाहिली की मला माझ्या प्रशिक्षणाच्या वहीची लाज वाटायची.

आता लाजेचं निघालंच आहे तर हेही सांगते. मी तिच्याकडे सहा महिने जात होते, तिच्याकडून शिकत होते, आणि पाणी पहिल्यांदा सातव्या महिन्यात प्यायले. तोवर मला तहान लागत नसे. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. ती मात्र ओळखून होती, आणि तिनंही कधी विचारलं नाही.

यादीचं ऐकून ती नुसतं म्हणाली, “कागदावर माहं नाव राहीन ना?” मी हो म्हटलं. दोन दिवसांनी तिनं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

पाटलीणबाईंनी यादी ऐकली आणि जैवंताच्या नावाशी थांबल्या. त्यांनी नाव काढायला सांगितलं नाही, हे मुद्दाम लिहिते. त्या म्हणाल्या की तिची वाडी शेवटी ठेवा. दहा पाहून झाल्यावर ज्यांना जायचं नाही त्या आपल्या घरी जातील, कुणाचा पानउतारा नाही, कुणावर जबरदस्ती नाही. मला हा तोडगा फार आवडला. आवडला म्हणजे किती, तर मी सुवाच्य अक्षरात अकरावा आकडा घालून तिचं नाव लिहिलं आणि आपण मोठं शहाणपण केलं अशा थाटात तिला सांगायला गेले.

ती वाफ्यात पाणी सोडत होती. पाणी कडेला पोचेपर्यंत ती माझ्याकडे वळली नाही.

“अकरावी नोका ठेवू बाई,” ती म्हणाली. “पयली ठेवा. शेवटी ठेवली तं लोकायले थकाचं निमित्त भेटते. पयली ठेवली तं ज्याले याचं नाई तो घरूनच निंघत नाई. कोन आलं, कोन नाई, एका नजरेत दिसते.”

मी म्हटलं, आणि कुणीच आलं नाही तर?

“तं नाई आलं. वाडी तं माहीच राहीन.”

त्या वाक्यानं माझा थाट उतरला. मला खरंच भीती वाटत होती, आणि ती तिच्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त होती. पहिल्याच घरी कुणी आलं नाही तर पुढच्या दहा घरचं काय, पाटलीणबाई काय म्हणतील, माझ्या खोलीचं काय, साहेबांच्या अहवालात काय लिहिलं जाईल, असलं सगळं डोक्यात. तरी मी आकडे बदलले. जैवंताबाई पहिली, आणि मान राहावा म्हणून पाटलीणबाईंची वाडी शेवटी नेली. त्यांनी बदललेली यादी ऐकली, पापडाची लाटी हातात तशीच धरली आणि तुमचं तुम्ही पाहा म्हणाल्या. त्यानंतर तीन दिवस त्या माझ्याशी फक्त दूध किती घ्यायचं एवढंच बोलल्या.

रविवारी दुपारी मी अडीचलाच जैवंताबाईच्या वाडीत जाऊन बसले. तिनं सडा घालून ठेवला होता. कवाड काढून कुंपणाला टेकवून ठेवलं होतं, नुसतं उघडलं नव्हतं. आम्ही दोघी बाजेवर बसलो. तीन वाजले. वालाच्या फुलांवर मधमाश्या होत्या, त्यांचा आवाज येत होता. मी दर मिनिटाला वाटेकडे पाहत होते आणि ती बसल्या बसल्या वाळलेल्या शेंगांतून बी काढत होती.

आधी आल्या कासाबाई, वारलेल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या पत्नी. विधवा बाईला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? नऊ वर्षं संक्रांतीचे ते दिवस त्यांनी घरात बसून काढले होते. मला म्हणाल्या, या दिवसात मले कोनी बलावलं तं मी सगळ्याच्या पयले येईन. मग दोघी आल्या, मग चौघी. सात झाल्या आणि वाट पुन्हा रिकामी झाली. गावातून मी तीस धरल्या होत्या. पाटलीणबाई नव्हत्या.

त्या सातजणींनी पहिली पाच मिनिटं कुंपणाशी दाटीवाटीनं काढली. मग एकीनं बोटभर चर पाहिला आणि विचारलं, पानी कडेनं काहून सोडता? जैवंताबाई सांगू लागली, आणि त्या एकेक करून वाफ्यांच्या मधे कधी शिरल्या ते मलाही कळलं नाही. तिनं कुणाला पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही. मला ते खटकलं. आलेल्या माणसाला वऱ्हाडात असं कुणी कोरडं ठेवत नाही. पुष्कळ उशिरा उमगलं की तिनं कुणाला नाही म्हणायची संधीच दिली नव्हती. कासाबाईंनी मात्र हात घालून एक टमाटा तोडला, पदराला पुसला, खाल्ला आणि मीठ मागितलं. जैवंताबाईनं पानावर मीठ आणून दिलं. मग आणखी दोघींनी खाल्ले. चौघींनी नाही खाल्ले. सातही जणी जाताना वालाचं बी पदराला बांधून घेऊन गेल्या.

आम्ही निघालो. मी मागं वळून पाहिलं तर जैवंताबाईनं कवाड जागेवर लावलं, पायांवर पाणी घेतलं आणि आमच्या मागोमाग वाटेला लागली. दुसरी वाडी कुणाची, म्हणून मला विचारलं. मी चरकले. महिनाभर आम्ही सगळ्यांनी एकच विचार केला होता, की तिच्या वाडीत बायका जातील की नाही. ती आमच्या वाड्यांत येईल, हे माझ्या, पाटलीणबाईंच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. यादी केली होती मी, आणि सगळ्यांनी सगळ्या वाड्या पाहायच्या हा नियमही माझाच होता.

दुसऱ्या वाडीच्या घरधनिणीनं तिला पाहून विचारलं, “जैवंता, तू बी?”

“कागदावर नाव हाये ना माहं,” जैवंताबाई म्हणाली.

ती आत गेली. हात मागं बांधून बांधावर उभी राहायची, काही न शिवता पाहायची आणि पुढं चालायची. तिसऱ्या वाडीपासून घरी बसलेल्या बायका हळूहळू येऊन मिळू लागल्या. बाहेर एवढी गंमत चालली असताना कोण घरात बसणार? सहाव्या वाडीत वीसेकजणी असतील. एकीला आपला दोन वर्षांपूर्वी गेलेला गुलाब सापडला आणि त्याच्याशी तिनं माहेरवाशिणीशी बोलावं तसं बोलून घेतलं. हसून हसून आमची पुरेवाट झाली. त्या दुपारइतकं निर्मळ हसू मी पुढं फार थोड्या वेळा ऐकलं.

शेवटी पाटलीणबाईंची वाडी. तिला पऱ्हाट्या नव्हत्या, पुरुषभर उंचीची मातीची भिंत होती आणि भिंतीत एक लाकडी दार. आत संत्र्याचं एक झाड. बी लावून आलेलं, चाळीसेक वर्षांचं, संत्र्याच्या मानानं म्हातारं. माघात त्याला आंब्या बहाराची फुलं यायची आणि वास भिंतीवरून गल्लीत उतरायचा. मला त्याची इतकी सवय झाली होती की आता तो वेगळा जाणवतही नसे.

पाटलीणबाई दारात तिळगूळ घेऊन उभ्या होत्या. बायका एकेक करून आत गेल्या. मीही गेले. आत गेल्यावर पाहिलं तर जैवंताबाई बाहेर थांबलेली. नऊ घरी ती कुणाला न विचारता शिरली होती, या दाराशी मात्र थांबली. पाटलीणबाई ये म्हणेनात आणि जा म्हणेनात. मी पुढं होऊन काही बोलायला हवं होतं. मी हातातल्या यादीची घडी घालत राहिले.

“पाटलीनबाई,” बाहेरूनच जैवंताबाई म्हणाली, “झाडाले डिंक सुटून राह्यला.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. बुंध्यापाशी खरंच डिंकाचे तांबूस गोळे आले होते. पाटलीणबाई झाडाकडे पाहत राहिल्या. पानं पिवळी पडताहेत हे त्यांना पंधरा दिवस दिसत होतं, दोन वेळा पाणी देऊनही फरक नव्हता. त्या झाडावर त्यांचा जीव होता. सासूनं लावलेलं म्हणून नाही, सासूशी त्यांचं कधी पटलं नाही. झाडावरच होता.

“काहून सुटते तो?” त्यांनी विचारलं.

“इथून कसं सांगू? जवळून पाहा लागन.”

पाटलीणबाईंनी ताट डाव्या हातात घेतलं आणि दारातून बाजूला झाल्या. “मंग ये ना,” त्या म्हणाल्या. “दारात काय उभी राह्यली.”

जैवंताबाई आत आली, सरळ झाडाशी गेली आणि बुडाशी बसली. हातानं माती उकरली. खोडाला लागून ओल साचली होती, साल मऊ पडली होती. ती सांगत होती, की खोडाला पाणी शिवू द्यायचं नाही, दोन आळी करायची, आतलं कोरडं, बाहेरचं पाण्याचं, डिंक खरवडून साल उन्हाला द्यायची. पाटलीणबाई शेजारी उकिडव्या बसल्या. त्यांचं संक्रांतीचं काळं लुगडं चिखलाला लागलं. आतलं आळं केवढं ठेवायचं हे त्यांनी दोनदा विचारलं, आणि जैवंताबाईनं त्यांचा हात धरून बुंध्यापासून अंतर दाखवलं.

एका दुपारनं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. विहिरी दोन होत्या, त्या माझी बदली होईपर्यंत दोनच राहिल्या. त्या संध्याकाळी पाटलीणबाईंनी दाराशी काही शिंपडलं का, हे मी पाहिलं नाही. राहत होते त्याच घरात, पण मुद्दाम पाहायला गेले नाही. कळलं असतं तर मला ते सोसलं नसतं. पुढं दोन माघ असेच झाले, मग मी बाळापूरकडे गेले. माझ्यानंतर तिथं परसदारं कुणी उघडली नाहीत असं ऐकलं. झाड आणखी चार बहार टिकलं. अशा हिशेबात मोठं काही निघत नाही, तरी दर माघात मी तो करून पाहते.

त्या दिवशी ऊन कलल्यावर मी जैवंताबाईला पोचवायला नाल्यापर्यंत गेले. मी फार खूश होते. म्हटलं, पाहा, तुमच्या वाडीत सातजणी आल्या, पुढच्या खेपेला सतरा येतील.

ती चालता चालता थांबली. “माह्या वाडीत कोन येते, कोन नाई, तो घोर तुमाले होता बाई,” ती म्हणाली. “मले नोयता.”

मग तिनं सांगितलं. तिची आई त्या भिंतीमागचा उकिरडा झाडायची. ही लहान होती, सोबत जायची. माघात भिंतीवरून वास यायचा आणि ही आईच्या मागं लागायची, की मला उचल, मला झाड पाहायचं आहे. आई म्हणायची, वास येतो ना, तेवढाच घे.

“बगिच्यात हजार झाडं पाह्यली,” जैवंताबाई म्हणाली. “हे एक पाहाचं राह्यलं होतं.”